सूचीतले गाव

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी शेजारच्या आजींनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी खातरजमा न करता त्याचे उत्तर देऊन टाकले. त्या दिवशी अमरावतीहून येताना मी एक नवे पुस्तक आणले होते. एस.टी.च्या सबंध प्रवासात ते मांडीवरून खाली ठेवले नव्हते. घरी ओसरीवर बसून त्याचा कागद सोडवत होतो, तेव्हा आजी कापूस वेचून परतत होत्या. लुगड्यावर ठिकठिकाणी कापसाचे तंतू चिकटलेले होते आणि चालताना त्यांचा एक हात सारखा कमरेवर जात होता. ‘‘काय आणलं, मास्तर?’’ त्यांनी अंगणातूनच विचारले. ‘‘लीळाचरित्र आहे, आजी. नव्याने छापून आलंय.’’ हे ऐकताच त्या थबकल्या. रांजणाजवळ जाऊन हात धुतले, पदराला पुसले, पायरी चढून वर आल्या आणि पुस्तक दोन्ही हातांनी घेऊन त्यांनी कपाळाला लावले. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांची टोके नखासारखी धारदार असतात. दिवसभराच्या वेचणीने त्यांची बोटे चिरली होती आणि धुतल्यावरही त्या चिरांत मातीची काळी रेघ उरली होती. पुस्तक परत देताना त्या म्हणाल्या, ‘‘याच्यात आपल्या गावाचं नाव हाये काय?’’ मी म्हणालो, ‘‘हो आजी, आहे ना.’’ त्यांनी समाधानाने मान हलवली, दंडवत म्हटले आणि त्या घरी गेल्या.

तोवर मी ते पुस्तक उघडलेही नव्हते.

आमचे गाव रिद्धपूरपासून सायकलच्या अंतरावर आहे. ज्या भूमीवर गोविंदप्रभू वावरले आणि १२७८ च्या सुमारास म्हाइंभटाने त्यांचे शिष्य, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, लिहून काढल्या, तिच्या इतक्या जवळ राहणाऱ्याच्या मनात आपले गाव त्या ग्रंथात असणारच, असे एक गृहीत बसलेले असते. त्या रात्री जेवण झाल्यावर मी पुस्तक उघडले. ॲन फेल्डहाउस यांनी संपादित आणि अनुवादित केलेल्या लीळाचरित्राचा हा पहिला खंड ‘गॉड ॲट प्ले’ या नावाने मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या मालेत हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२४ मध्ये प्रकाशित केला. डाव्या पानावर देवनागरीत जुनी मराठी, उजव्या पानावर तिचे इंग्रजी. कागद पातळ असूनही मागची अक्षरे पुढे उमटत नाहीत, आणि नव्या पुस्तकाचा तो ओलसर, किंचित आंबूस वास पानापानाला येत होता. मी नेहमीप्रमाणे शेवटाकडून सुरुवात केली. संशोधनाचा ग्रंथ हाती आला की मी आधी सूची वाचतो. लेखक कोणकोणत्या वाटांनी गेला आहे, हे तिथे सर्वांत आधी कळते. सूचीच्या ओळींवरून बोट फिरवत गेलो. आमच्या गावाचे नाव नव्हते. गावाची जुनी रूपे काय असू शकतील याचा विचार करून तीही पाहिली. एका अक्षराने जवळ जाणारेही काही सापडले नाही.

पुस्तक मागून, सूचीपासून वाचण्याची सवय मला महाविद्यालयात लागली. विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादित केलेले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केलेले लीळाचरित्र मी तिथल्या ग्रंथालयात पहिल्यांदा पाहिले. तो जाड ग्रंथ टेबलावर ठेवला की धूळ उडायची. त्यातली मराठी प्रथम परकी वाटली. मग एके दुपारी ‘बिढार’ हा शब्द वाचताना घरातल्या ‘बिऱ्हाडा’ची आठवण झाली, ‘पटिसाळ’ वाचताना आजोळच्या घराची पडवी दिसली आणि एखाद्या अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर आपल्या आजोबांचे नाक दिसावे तसे झाले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला विद्वत्तेचा ग्रंथ हा दुसऱ्यांच्या जगाचा वाटतो. त्या दुपारपासून मला तसे कधी वाटले नाही. पुढे शं. गो. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांनी तयार केलेला जुन्या मराठीचा शब्दकोश १९९९ मध्ये आला. तो विकत घ्यायला मला पुष्कळ वर्षे लागली. आज त्याची पाठ उसवली आहे. एका अमेरिकन बाईंनी आमच्या मातीतल्या शब्दांसाठी सबंध आयुष्य दिले, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. सांगताना ऊर भरून येतो आणि त्याच वेळी छातीत कुठेतरी खुपतेही.

गेल्या काही वर्षांत मानव्यविद्यांमधली नवी पुस्तके मी शक्य होईल तशी मिळवून वाचतो आहे, आणि प्रत्येकाच्या सूचीत आमचा मुलूख शोधतो आहे. कापसाच्या जागतिक इतिहासावरचा स्वेन बेकर्ट यांचा ‘एम्पायर ऑफ कॉटन’ हा २०१४ चा ग्रंथ असाच मागून उघडला आणि त्यात ‘बेरार’ हा शब्द सापडला, खामगावही सापडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा ज्या काळ्या जमिनींकडे साऱ्या व्यापाऱ्यांचे डोळे वळले त्यांत वऱ्हाड होते. त्यासाठी रेल्वे आली, तारा आल्या, जिन-प्रेस उभे राहिले आणि खामगावच्या बाजारातला भाव लिव्हरपूलच्या भावाशी बांधला गेला. माझे वडील बैलगाडीत कापूस भरून जिनात नेत. मी लहानपणी त्या ढिगावर पालथा झोपून गेलो आहे. सरकीचा तेलकट वास, खालून येणारी ऊब, आणि पहाटे जिनाच्या फाटकासमोरची गाड्यांची रांग. भाव कोण ठरवते, असे मी विचारले की वडील म्हणत, ‘‘वरून येते.’’ हे ‘वर’ म्हणजे काय, ते मला त्यांच्या मृत्यूनंतर एका इंग्रजी पुस्तकाने समजावून दिले. लक्ष्मण सत्या यांचे ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हे १९९७ चे पुस्तक त्याआधीच आले होते. कापसाचा विस्तार आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ एकमेकांशी कसे जोडलेले होते, याचा शोध त्यात आहे. वडिलांच्या हयातीत ते माझ्या हाती आले असते तर मी त्यांना त्यातली पाने सांगितली असती. त्यांनी ती शांतपणे ऐकली असती आणि दोन-तीन ठिकाणी दुरुस्तीही सुचवली असती, याची मला खात्री आहे.

ही पुस्तके आमच्याविषयी आहेत, आणि आमच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्यांना नाही. तालुक्याच्या वाचनालयातल्या इतिहासाच्या कपाटासमोर मी उभा राहिलो की हे फार जाणवते. तिथले ग्रंथपाल मनापासून काम करतात, दाखल नोंदवहीत सुवाच्य अक्षरात एकेक पुस्तक चढवतात. पण परदेशी विद्यापीठाच्या छापखान्यातून आलेल्या एका ग्रंथाच्या किमतीत त्यांना कादंबऱ्यांची आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची आख्खी ओळ भरता येते. गावातली मुले तीच मागतात, आणि ती मागणीही खोटी नाही.

किमतीचा अडसर मात्र कधी कधी दूर होतो. वर्धा जिल्ह्यातून आलेली माझी एक विद्यार्थिनी बसस्टँडवर भेटली तेव्हा तिच्या मोबाइलवर अँड्र्यू ऑलेट यांचे ‘लँग्वेज ऑफ द स्नेक्स’ उघडलेले होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने २०१७ मध्ये काढलेला हा ग्रंथ कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. विषय प्राकृत भाषेचा: संस्कृतच्या शेजारी उभे राहून प्राकृताने भारतातल्या भाषांच्या सबंध रचनेत कोणते स्थान मिळवले, सातवाहनांच्या काळात तिचे साहित्य कसे घडले, आणि ते स्थान पुढे कसे विरत गेले. सतराव्या शतकात मिर्झा खानाने प्राकृताला नागलोकाची भाषा म्हटले होते, त्यावरून हे नाव घेतले आहे. ती मुलगी पवनारजवळची. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले होते, आणि याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य आहे. धाम नदीच्या काठी, जिथे ही मुलगी लहानपणी कपडे धुवायला जात असे, तिथे पाचव्या शतकात रामाच्या सेतूवर प्राकृतात काव्य रचले गेले असेल, हे तिला मिराशींमुळे ठाऊक होते. त्या प्राकृताचे मोल काय होते, हे तिला या नव्या पुस्तकातून कळत होते. एक परिच्छेद वाचायला तिला अर्धा तास लागत होता. शब्दकोश एका बोटाने उघडायचा, दुसऱ्याने पान सरकवायचे. मध्येच ती म्हणाली, ‘‘सर, हे मराठीत असतं तर मी आईला वाचून दाखवलं असतं.’’ बस आली आणि ती गर्दीत शिरली. चढतानाही पडदा विझू नये म्हणून तिने मोबाइल छातीशी उलटा धरला होता.

आमच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. तिच्या तळाशी पणजोबांच्या वेळचे मोडीतले दोन-चार कागद आहेत; बहुधा एखाद्या शेताच्या खरेदीखताचे असावेत. अक्षर वाहत्या पाण्यासारखे एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेलेले आहे. प्राची देशपांडे यांचा ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ हा ग्रंथ वाचेपर्यंत मी मोडीकडे केवळ मागे पडलेली लिपी म्हणून पाहत होतो. लिहिणे हा एक व्यवसाय होता, त्याला शिकवण, बैठक आणि हाताचे वळण होते, कारकुनांच्या या कसबावर सत्ता उभी होती आणि छापील बाळबोधीच्या वर्चस्वात हे सारे कसे मागे सरले, हे त्यातून समजले. पुस्तक मिटून मी पेटी उघडली आणि तो कागद खिडकीपाशी नेला. त्यात आमच्या गावाचे नाव असलेच पाहिजे. चतुःसीमा लिहिताना गाव लिहावेच लागते. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला वाचता येत नव्हते.

आजींशी मी चुकीचे बोललो आहे, ही टोचणी या सगळ्या काळात माझ्या बरोबर होती. त्यातच त्यांनी एका रविवारी स्वतःहून पुस्तक वाचून दाखवायला सांगितले. मी डाव्या पानावरून सुरुवात केली. तीन ओळी वाचल्या नसतील तोच चौथी ओळ त्यांच्या तोंडून आली. पोथीवर अक्षर ओळखायला शिकलेल्या त्या बाईंना लीळा कानाने पाठ होत्या. एका ठिकाणी मी चुकीच्या जागी थांबलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला पुन्हा मागे नेले. मग त्यांनी उजव्या पानावर बोट ठेवले. ‘‘हे इंग्रजीत काय म्हनते?’’ मी त्या ओळींचे मराठी करून सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘थे त इकडच्या पानावर सांगतलंच हाये.’’ नंतर त्यांनी पुस्तकाची सुरुवातीची पाने उलटली. प्रस्तावना. दोन्ही बाजूंना इंग्रजी. त्यांनी डावे पान पाहिले, उजवे पाहिले, पुन्हा डावे पाहिले. ‘‘अन् याचं मराठी कुठी हाये?’’

मूळ ग्रंथ आजींना पाठ होता, त्याविषयी केलेला विचार तेवढा त्यांच्या भाषेत नव्हता.

हा प्रश्न रिद्धपूरच्या परंपरेत एकदा विचारला गेला आहे आणि त्याचा निकालही लागला आहे. स्वामींच्या पश्चात पंथाचे पहिले आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांकडे त्यांचे शिष्य केशोबास यांनी संस्कृतात लिहिण्याची इच्छा दाखवली तेव्हा त्यांनी केशोबासांना अडवले. ‘येणें माझिया म्हातारिया नागवतील,’ असे नागदेवाचार्य म्हणाले, हे त्यांच्या आठवणींच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नोंदले आहे. आजींना मी ते वाक्य म्हणून दाखवले, तेव्हा ‘नागवतील’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. कापूस काट्यावर मोजून घरी आल्यावर आमच्याकडे आजही ‘व्यापाऱ्यानं नागवलं’ असेच म्हणतात. नागदेवांचा तो शब्द मला किती तरी वर्षे सुंदर वाटत आला होता. त्या दिवशी तो चिरलेल्या बोटांसकट समोर बसला होता. ख्रिश्चन ली नोवेत्स्के यांचा ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’ हा २०१६ चा ग्रंथ याच काळावर आहे. तेराव्या शतकात मराठीत लिहिण्याचा निर्णय म्हणजे रोजच्या बोलण्याला, बायकांना आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींना विचाराच्या क्षेत्रात जागा देणे होते, असे त्यांनी लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांच्या आधारे दाखवले आहे. मला तो ग्रंथ अतिशय महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्या नागवू नयेत म्हणून घेतलेल्या निर्णयावरचा इतका चांगला विचार माझ्या शेजारच्या म्हातारीला मात्र ऐकता येत नाही, आणि यात त्या अभ्यासकाचा कोणताही दोष नाही. ते त्यांच्या विद्यापीठात, त्यांच्या वाचकांसाठी लिहितात. मराठीत आणण्याचे काम आपले होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. या दोन्ही बातम्या ऐकून मी आनंदाने रडलो आहे. त्या आनंदातही माझी नजर त्या दोन्ही बाजूंना इंग्रजी असलेल्या पानांकडे जाते.

मी दोनशे पानी वही आणली आणि प्रस्तावनेचे मराठी करायला बसलो. रोज रात्री एक परिच्छेद. काम अवघड होते, कारण इंग्रजीत विचार करताना जे वाक्य सरळ वाटते ते मराठीत आणताना पाय फाकवून उभे राहते. कोशातले तयार शब्द वापरले की आजींचा चेहरा कोरा होई. एकाच लीळेच्या निरनिराळ्या पोथ्यांतल्या निरनिराळ्या पाठांविषयी काही सांगायचे होते. मी ‘पाठभेद’ म्हटले. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, ‘‘वासना म्हनाना.’’ महानुभावांच्या पोथ्यांत तोच शब्द आहे. म्हाइंभटाने लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांना गाठून, विचारून. पुढे धाडीत पोथी गेली, तेव्हा हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली असे परंपरा सांगते. आठवणी जिथे जुळल्या नाहीत तिथे एकीला खरी ठरवून दुसरी पुसून टाकली गेली नाही. हे म्हणणे अमुकाचे, ते तमुकाचे, असे नावानिशी लिहून ठेवले. ज्याला आज संशोधनाची शिस्त म्हणतात, तळटीप म्हणतात, तिचे काम आमच्या शिवारापलीकडच्या गावात सातशे वर्षांपूर्वी इतक्या प्रामाणिकपणे चालले होते, आणि मी मात्र एका प्रश्नाला न पाहता ‘हो’ म्हणून मोकळा झालो होतो.

पौषात एका दुपारी आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्याजवळ बसलो आणि सांगितले, ‘‘आजी, त्या दिवशी मी न बघताच बोललो. या पुस्तकाच्या सूचीत आपल्या गावाचं नाव नाही.’’ त्यांच्या अंगठ्याखाली शेंग फुटण्याचा बारीक आवाज येत राहिला. सुपात दाणे पडत राहिले. ‘‘नसन,’’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, मान वर न करता, त्यांनी नाल्याकाठच्या निंबाखालच्या ओट्याविषयी सांगितले. तो ओटा मी हजार वेळा पाहिला होता. रिद्धपुराहून निघाल्यावर स्वामी तिथे उन्हाच्या वेळी बसले होते, नाल्याला तेव्हा उन्हाळ्यातही पाणी असे, आणि ओट्याचे तोंड आधी उगवतीला होते, पुरात पडल्यावर बांधताना ते फिरले. हे खरे किती, हे मला ठरवता येणार नव्हते आणि ते ठरवण्याची घाईही नव्हती. मी घरातून वही आणली, प्रस्तावनेच्या मराठीनंतरचे एक पान मोकळे सोडले आणि त्यांनी सांगितले तसे, त्यांच्या शब्दांत, उतरवले. वर गावाचे नाव लिहिले. खाली ‘आजींनी सांगितले’ असे लिहून त्यांना वाचून दाखवले.

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. ‘‘मी नाई, मास्तर. सासूनं सांगतलं म्हून लेहा. मी कुठी पाह्यलं?’’

मी ती ओळ खोडली आणि त्यांच्या सासूबाईंचे नाव विचारले. ते तोंडावर आणायला त्यांना जरा वेळ लागला.